काकांचा पेला आणि इटलीची वाइन

माझ्या दवाखान्यात एक प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. "डॉक्टर, रेड वाइन हार्टला चांगली असते ना?" विचारणारा बहुतेक वेळा प्रश्न विचारत नसतो, परवानगी मागत असतो, हे मला आता कळतं. २०१० साली ते कळत नव्हतं.

त्या वर्षी माझे एक जुने पेशंट, बँकेतून निवृत्त झालेले, वय ६२, त्यांनी हाच प्रश्न विचारला. त्यांना आपण काका म्हणू. काकांना डायबेटिस आणि थोडं ब्लड प्रेशर होतं. आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावलेला नव्हता. कुठल्या तरी रविवारच्या पुरवणीत त्यांनी वाचलं होतं की रोज एक ग्लास रेड वाइन घेतली तर हृदयरोग टळतो. ओपीडीला बाहेर वीस माणसं बसलेली. मी प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता मान वर न करता म्हणालो, "एखादा ग्लास घ्यायला हरकत नाही." बस, एवढंच.

२०१९ च्या जून महिन्यात काका छातीत धडधड होते म्हणून आले. मुलगा नोकरीसाठी इटलीत व्हेरोनाला असतो, त्याच्याकडे तीन महिने राहून आठ दिवसांपूर्वीच परतले होते. नाडी हातात घेतली तर ताल नव्हता. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन. म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, आत रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. ब्लड प्रेशरसाठी एका गोळीवरून ते एव्हाना तीन गोळ्यांवर आले होते. रक्ताच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड वाढलेले, लिव्हरचं जीजीटी दुप्पट.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, घेता का?"

"छे हो डॉक्टर, दारू नाही. फक्त तुमचं ते औषध घेतो रोज."

"कोणतं औषध?"

"वाइन."

शेजारी काकू बसल्या होत्या. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं."

नऊ वर्षं रोज. मी पुढच्या प्रत्येक भेटीत साखर विचारली, मीठ विचारलं, चालणं विचारलं, पण हे पुन्हा कधीच विचारलं नाही. माझ्या कागदांवर "अल्कोहोल : नाही" असंच पुढे लिहिलं जात होतं. हा ब्लॉग मी पेशंटच्या चुका सांगायला वापरत आलो आहे, तेव्हा ही माझी चूकही इथेच लिहितो.

आता एट्रियल फिब्रिलेशन वाइनमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वय होतं, प्रेशर होतं, डायबेटिस होता. पण अल्कोहोलने ही तक्रार होण्याची शक्यता वाढते हे पक्कं माहीत आहे, आणि सुट्टीत जास्त पिणाऱ्यांमध्ये ती इतकी दिसते की डॉक्टरांनी तिला 'हॉलिडे हार्ट' असं नावच ठेवलं आहे.

मग मी विचारलं, ग्लास म्हणजे केवढा? काकू दुसऱ्या दिवशी तो घेऊनच आल्या. घरातला पाणी प्यायचा स्टीलचा पेला. मोजून पाहिला, २५० मिली. माझ्या डोक्यातला 'ग्लास' १५० मिलीचा होता, आणि मी तो कधी बोललोच नव्हतो.

वाइन बंद झाली. रक्त पातळ करण्याची गोळी सुरू झाली, ती आता कायमची. त्या गोळीबरोबर अल्कोहोल घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे परतीचा रस्ता बंद. काका नाराज झाले नाहीत, पण दोन-तीन भेटींनंतर एकदा म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीपण गेला होतात ना इटलीला? तुम्ही घेतलीत?" मुलगी तोरिनोला शिकत होती तेव्हा, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, मी आणि बायको गेलो होतो. खोटं कशाला बोलू? हो म्हणालो. "मग निदान सांगा तरी त्याबद्दल. प्यायची नाही, ऐकायला काय हरकत आहे?"

तेव्हापासून दर भेटीत प्रेशर मोजून झालं की पाच मिनिटं इटलीचा एकेक प्रदेश, असा आमचा कार्यक्रम सुरू झाला. माझं ज्ञान पर्यटकाचं आणि नंतर हौसेनं केलेल्या वाचनाचं आहे. पण काका मूळचे तासगावचे, घरच्या द्राक्षबागेत वाढलेले. त्यामुळे अर्धं काम सोपं झालं. खाली लिहितो ते बरंचसं त्यांना सांगितलेलं आहे.

गाव कोणतं, वाण कोणता?

इटलीच्या वाइनच्या बाटलीवरचं नाव वाचून माणूस गोंधळतो, कारण कधी ते गावाचं असतं, कधी द्राक्षाचं, कधी दोन्हीचं. आपल्याकडे 'देवगड हापूस' म्हणतात तसं. देवगड हे ठिकाण, हापूस हा वाण. 'बार्बेरा द'आस्ती' म्हणजे आस्ती भागातला बार्बेरा वाण. पण 'बारोलो' हे नुसतं गावाचं नाव आहे. त्यात नेब्बिओलो नावाचं द्राक्ष आहे हे बाटली सांगत नाही, ते तुम्हाला माहीत असायला हवं. क्रोसिनच्या पाकिटात पॅरासिटामॉल असतं तसं.

सगळ्यात मोठी फसगत 'मोन्तेपुल्चानो' या नावात आहे. टस्कनीत या नावाचं एक सुंदर डोंगरी गाव आहे, तिथली 'व्हिनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो' ही वाइन मुख्यतः सांजोवेझे या द्राक्षाची. आणि पलीकडे आब्रुत्सो प्रदेशात मोन्तेपुल्चानो नावाचं द्राक्षच आहे, त्याचा त्या गावाशी संबंध नाही. काका म्हणाले, "म्हणजे बेळगावला न मिळणारा बेळगावी कुंदाच की." तसं अगदी नाही, पण त्यांना समजलं एवढं खरं.

इटलीत २० प्रदेश आहेत आणि वीसच्या वीस प्रदेशांत वाइन होते. दक्षिण इटलीला जुने ग्रीक लोक 'ओइनोत्रिया' म्हणत, त्या नावाचा संबंध द्राक्षवेलींशी लावला जातो. देशी वाण शेकडो आहेत. कोणत्या भागात कोणतं द्राक्ष, किती उत्पन्न काढायचं, किती महिने मुरवायचं याचे कायदे १९६३ पासून आहेत. बाटलीवर 'डीओसी' दिसलं तर ती त्या नियमांत बसणारी, 'डीओसीजी' दिसलं तर त्याहून कडक नियमांतली. ही वरची पायरी प्रत्यक्ष १९८० मध्ये सुरू झाली. अशा बाटलीच्या गळ्यावर क्रमांक असलेली सरकारी पट्टी चिकटवलेली असते.

पिएमॉन्तेचं धुकं

तोरिनोहून आम्ही एक दिवस लांगे नावाच्या डोंगराळ भागात गेलो होतो. आल्बा हे तिथलं मोठं गाव, बारोलो त्याच्याजवळचं छोटंसं. सकाळी बसच्या खिडकीतून काही म्हणजे काही दिसत नव्हतं, नुसतं धुकं. इटालियनमध्ये धुक्याला 'नेब्बिआ' म्हणतात, नेब्बिओलो हे नाव त्यावरूनच आलं असं बहुतेक मानतात. हे द्राक्ष उशिरा, ऑक्टोबरात, धुक्याच्या दिवसांत पिकतं. दहाच्या सुमारास धुकं हळूहळू उतरलं आणि उतारावरच्या बागा एकेक ओळीने वर यायला लागल्या. बायको म्हणाली, पंचगंगेला पूर ओसरतो तशी शेतं बाहेर येतायत. हा सगळा परिसर २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

बारोलो १०० टक्के नेब्बिओलोची असते आणि विकण्यापूर्वी किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. शेजारची बार्बारेस्को याच द्राक्षाची, तिला २६ महिने पुरतात. रंग पाहून माझी निराशा झाली. एवढं नाव आणि इतका फिकट लाल? पहिला घोट घेतला आणि जीभ, हिरड्या, गाल सगळं आवळून आलं. याला टॅनिन म्हणतात. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत ते असतं आणि आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. इंग्रजीत यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. आपल्याकडे 'तुरट' एवढा एक शब्द आहे आणि जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्लेल्या कोणालाही तो कळतो.

ज्या म्हाताऱ्या बागायतदाराने आम्हाला ती दिली त्याने ओतली किती, तर ग्लासात दोन बोटं. बरोबर ब्रेड आणि चीज. आमच्यासमोर त्याने स्वतः तेवढीच घेतली आणि अर्धा तास पुरवली. तो म्हणाला, रोज जेवताना आम्ही ही पीत नाही, बार्बेरा किंवा दोल्चेत्तो पितो. बारोलो ही सणाची. बार्बेरात तुरटपणा कमी आणि आंबटपणा जास्त. दोल्चेत्तो या नावाचा अर्थ 'छोटंसं गोड', पण वाइन गोड नसते.

गोड असते ती याच भागातली मोस्कातो द'आस्ती. अल्कोहोल फक्त ५ टक्क्यांच्या आसपास, हलके बुडबुडे, वास फुलांचा. माझ्या बायकोला हीच एक आवडली. पण डायबेटिस असलेल्यांनी लक्षात घ्यावं, हिच्यात लिटरला १०० ग्रॅमच्या वर साखर असते. अल्कोहोल कमी म्हणजे निरुपद्रवी असं नाही.

पिएमॉन्तेबद्दल एक वाईट आठवणही सांगायला हवी, कारण ती माझ्या विषयातली आहे. १९८६ च्या मार्चमध्ये इटलीत स्वस्त वाइनमध्ये मिथाइल अल्कोहोल मिसळलेलं सापडलं. वीसहून अधिक माणसं मेली, काही कायमची आंधळी झाली. या भागातली बार्बेराही त्यात होती. मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नसतं. आपल्या लिव्हरमध्ये त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्याच्या नसेवर हल्ला करतं. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक लोक गेले ते याच विषाने. इटलीत त्या प्रकरणानंतर निर्यात कोसळली, आणि भरमसाट स्वस्त वाइन काढण्यापेक्षा थोडी पण चांगली काढायची याकडे तिथले उत्पादक वळले, १९९२ मध्ये कायदाही नवा झाला. आज ज्या बाटल्या आपली मुलं बॅगेतून आणतात त्यांच्यामागे हा धडा आहे.

कियान्तीतली लघवीची तपासणी

टस्कनीचं द्राक्ष सांजोवेझे. नावाचा अर्थ 'जुपिटरचं रक्त' असा लावतात, खरा असो नसो. कियान्ती हा फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधला डोंगराळ भाग. १७१६ मध्ये तिथल्या ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने आज्ञापत्र काढून कियान्तीच्या हद्दी ठरवून दिल्या, म्हणजे आपल्याकडे शाहू महाराज साताऱ्याच्या गादीवर होते तेव्हा. जुन्या सिनेमात गवताने विणलेल्या टोपलीतली गोल बाटली दिसते ती कियान्तीची. आता काळ्या कोंबड्याचं चिन्ह दिसलं की ती मधल्या, मूळ भागातली कियान्ती क्लासिको. तिच्यात किमान ८० टक्के सांजोवेझे लागतं. पूर्वी थोडी पांढरी द्राक्षंही मिसळत, २००६ पासून ते बंद झालं. दक्षिणेला मोन्ताल्चिनोला हेच द्राक्ष एकटं वापरतात, ती ब्रुनेल्लो. काढणीनंतर पाचवं वर्ष लागल्याशिवाय ती बाजारात येत नाही.

नियम म्हटले की ते मोडणारेही आले. बोल्गेरी इथल्या एका घराण्याने फ्रेंच वाण काबेर्ने लावून सास्सिकाया नावाची वाइन केली, १९६८ च्या हंगामाची पहिल्यांदा विकली. नियमात बसत नव्हती म्हणून तिच्यावर 'व्हिनो दा ताव्होला', म्हणजे साधी जेवणातली वाइन, असा सर्वात खालचा शिक्का बसला. आणि तीच जगात सगळ्यात महाग वाइनांपैकी एक झाली. काकांना ही गोष्ट फार आवडली. बँकेत आयुष्यभर नियम सांभाळलेला माणूस.

पण डॉक्टर म्हणून मला कियान्तीतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. रेड वाइन हृदयाला चांगली हा समज १९९१ मध्ये एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाने घरोघरी नेला. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयरोगाने कमी मरतात, त्याचं कारण रेड वाइन, असा तो तर्क. मग वाइनमधलं कोणतं द्रव्य हे करतं याचा शोध सुरू झाला आणि रेसव्हेराट्रॉल हे नाव पुढे आलं. त्याच्या गोळ्या अजून विकल्या जातात.

कियान्ती भागातल्या ग्रेव्हे आणि बान्यो आ रिपोली या दोन गावांतल्या ६५ वर्षांवरच्या ७८३ लोकांची लघवी तपासून त्यांच्या शरीरात आहारातून, म्हणजे मुख्यतः वाइनमधून, किती रेसव्हेराट्रॉल जातं ते मोजलं गेलं. नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यातले २६८ जण त्या काळात वारले. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. सर्वात जास्त रेसव्हेराट्रॉल असलेले आणि सर्वात कमी असलेले यांच्यात मृत्यूचा, हृदयरोगाचा, कॅन्सरचा काही फरक सापडला नाही. वाइनच्या माहेरघरी, रोज वाइन पिणाऱ्यांमध्येच हे तपासलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात असं दाखवणारे जुने अभ्यास? त्यात एक खोट होती. 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारी पडल्यामुळे दारू सोडलेली माणसंही मोजली होती. साहजिकच तो गट जास्त आजारी दिसला. शिवाय जेवताना एक ग्लास वाइन घेणारी माणसं बहुधा बऱ्या आर्थिक स्थितीतली, भाज्या खाणारी, डॉक्टरकडे वेळेवर जाणारी. फायदा वाइनचा की बाकीच्या आयुष्याचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, त्यात वाइनला सूट नाही. २०२३ च्या जानेवारीत संघटनेने स्पष्ट म्हटलं की सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. २०१० मध्ये मला १९८८ ची गोष्ट माहीत असायला हवी होती.

काकांचा शंकेखोर प्रश्न होता, "मग इटालियन लोक इतके जगतात कसे?" इटालियन लोक पूर्वीइतके पीतच नाहीत. १९७० च्या सुमारास माणशी वर्षाला १०० लिटरच्या वर वाइन जात होती, आज त्याच्या निम्म्याहूनही कमी जाते.

मांडव आणि बेदाणे

व्हेनेतो प्रदेशावर येईपर्यंत काका सरसावून बसले होते, कारण व्हेरोना तिथलंच. तिथल्या व्हाल्पोलिचेल्ला खोऱ्यात कोर्व्हिना हे मुख्य द्राक्ष, आणि वेली जुन्या पद्धतीने मांडवावर चढवलेल्या. काकांनी मोबाइलवर फोटो दाखवला, मुलगा आणि ते मांडवाखाली उभे. तासगाव म्हणून खपला असता.

याच द्राक्षाची साधी व्हाल्पोलिचेल्ला हलकी असते. पण निवडक घड काढून बांबूच्या किंवा लाकडी रॅकवर हवेशीर जागेत तीन-चार महिने सुकवले, वजन तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही जास्त घटवलं आणि मग रस काढला, की होते आमारोने. १ डिसेंबरच्या आधी हे घड चेचायचे नाहीत असा नियम आहे. काका म्हणाले, "अहो, म्हणजे बेदाण्याची शेड." अगदी तीच. आपण डिपिंग ऑइल मारून दोन आठवड्यांत वाळवतो, ते थंडीत सावकाश वाळवतात आणि पूर्ण वाळू देत नाहीत.

आणि इथेच काकांच्या नाडीची गोष्ट परत येते. पाणी उडालं की साखरेचं प्रमाण वाढतं. द्राक्ष बागायतदार ब्रिक्स मोजतात ते हेच. रसातल्या लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल होतं. म्हणून साधी वाइन १२-१३ टक्क्यांची, तर आमारोने कमीत कमी १४ आणि बऱ्याचदा १५-१६ टक्क्यांची.

हिशेब करू. अल्कोहोलचे ग्रॅम काढायला मिली गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. माझ्या डोक्यातला ग्लास : १५० मिली, १२ टक्के, म्हणजे १४ ग्रॅम. काका व्हेरोनात तीन महिने आमारोने घेत होते : २५० मिलीचा पेला, १५.५ टक्के, म्हणजे साडेतीस ग्रॅम. दुपटीहून जास्त, आणि तोही 'एकच ग्लास'. घरी ते जी घेत त्या साडेतेरा टक्क्यांच्या वाइनचाही हिशेब पावणेसत्तावीस ग्रॅमला जातो. कॅलरी धराल तर ग्रॅमला सात. हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि पेला भरताना मी वरपर्यंत भरत होतो."

व्हेनेतोतली दुसरी प्रसिद्ध वाइन प्रोसेक्को, बुडबुड्यांची, ग्लेरा या द्राक्षाची. हिच्या बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेलं दिसलं तर ती सर्वांत कमी गोड असेल असं कोणालाही वाटेल. उलट आहे. 'ब्रूट' लिहिलेली कमी गोड, 'एक्स्ट्रा ड्राय' तिच्यापेक्षा गोड. हा घोळ कोणी घातला देव जाणे, पण साखर मोजणाऱ्यांनी फसू नये. सोआव्हे ही इथलीच पांढरी वाइन, गार्गानेगा द्राक्षाची.

दक्षिणेकडे मी गेलेलो नाही, म्हणून भराभर सांगतो. नेपल्सच्या मागच्या डोंगरात आल्यानिको नावाचं काळं द्राक्ष, त्याची ताउरासी ही वाइन, लोक तिला दक्षिणेची बारोलो म्हणतात. टाचेच्या टोकाला पुलिया, तिथलं प्रिमितिव्हो. हेच कॅलिफोर्नियातलं झिनफांडेल आणि मूळ क्रोएशियातलं, हे डीएनए तपासणीतून सिद्ध झालं. उन्हात लवकर पिकतं, साखर भरपूर, म्हणून वाइन १४-१५ टक्क्यांची. स्वस्त असते, गोडसर लागते, सहज घशाखाली उतरते, त्यामुळे मला हिची जास्त भीती वाटते. सिसिलीत नेरो द'आव्होला, आणि एटना ज्वालामुखीच्या उतारावर, राखेच्या जमिनीत, नेरेल्लो मास्कालेझे. सार्डिनियात कान्नोनाऊ. सार्डिनियाच्या डोंगरात शंभरी गाठणारे बरेच, आणि त्याचं श्रेय लोक कान्नोनाऊला देतात. तिथले म्हातारे आयुष्यभर मेंढ्यांमागे डोंगर चढत-उतरत असतात. ते श्रेय कोणी डोंगराला का देत नाही?

तुमच्यापैकी कोणाच्या घरी मुलांनी अशी बाटली आणली असेल तर आधी तिच्यावरचा टक्का वाचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर रिकाम्या पोटी अल्कोहोलने साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि घरच्यांना वाटतं की चढली आहे. झोपेची गोळी, फिट्सची औषधं, रक्त पातळ करणारी गोळी, लिव्हरचा त्रास, गाउट, यांत नको. गरोदरपणात अजिबात नको. आतापर्यंत कधी घेतली नसेल तर हृदयासाठी म्हणून सुरू करू नका, मग ती बारोलो असो की नाशिकची. आणि जे रोज, भरपूर, अनेक वर्षं कोणतीही दारू घेत आहेत त्यांनी हे वाचून उद्या सकाळी एकदम बंद करू नये. हात थरथरणं, भ्रम, फिट असे प्रकार होऊ शकतात. डॉक्टरांशी बोलून कमी करा. आणि डॉक्टरांना आपला पेला केवढा आहे ते सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

मी स्वतः? त्या वेळी इटलीत घेतली, नंतरही क्वचित कोणाकडे अर्धा ग्लास घेतली आहे. चवीसाठी, आणि ती चांगली लागते म्हणून. तब्येतीच्या नावाखाली नाही.

काकांचं प्रेशर आता दोन गोळ्यांवर आहे. जीजीटी सात महिन्यांत उतरलं. ताल मात्र अधूनमधून चुकतो, गोळी चालू राहील. गेल्या भेटीत दोघं आले तेव्हा मुलाने या वेळी वाइनऐवजी मोदेनाचा बाल्सामिक व्हिनेगर पाठवला होता. छोटी बाटली, आतला रस काळा, दाट. तोही द्राक्षाच्या रसाचाच, शिजवून, पिंपं बदलत वर्षानुवर्षं मुरवलेला, हे मी उत्साहाने सांगायला लागलो. काकूंनी मध्येच थांबवलं.

"यांना कोशिंबिरीत घातला तर चालेल का, एवढंच सांगा."

"चालेल की," मी म्हणालो.

"किती?"

"चमचाभर," मी म्हणालो, आणि या वेळी कागदावर लिहून दिलं : चहाचा चमचा, ५ मिली.